तांड्याला राजाज्ञेने रस्ता

मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, आणि माणूस तापट. गाइडातून उतरवलेला प्रकल्प दिसला की डोकंच सणकायचं. एका वर्षी सातवाहनांवर लिहिताना पोरांनी गाइडातली छपाईची चूकसुद्धा भक्तिभावानं उतरवून आणली. मी वह्या परत केल्या आणि म्हणालो, तुम्हीच राजे व्हा. आपल्या गावासाठी जुन्या ताम्रपटासारखं दानपत्र लिहा. काय दिलं, कोणाला दिलं, सीमा कोणत्या, आणि शेवटी आज्ञा मोडणाऱ्याला शाप.

शाप म्हटल्यावर मागचे बाकसुद्धा जागे झाले.

परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा नुकताच झाला होता. गोरेगावच्या बाजूच्या एका तांड्यावरून एक पोरगी यायची, तिथून कॉलेजात आलेली पहिलीच. नाल्यापर्यंत कोसभर पायी, मग जीप. बापानं बजावलं होतं, पुढच्या पावसाळ्यापर्यंत जीप तांड्यावर आली तर शिक, न्हाई तर घरी बस. एकट्या पोरीला चिखलातून धाडणार न्हाई. तिनं घरातल्या गळक्या तांब्याच्या घागरीचा पत्रा ठोकून सपाट केला आणि खिळ्यानं कोरलं: महाराजांनी या तांड्याला रस्ता दिला आहे. पूर्वेला बाभळीचं बन, पश्चिमेला नाला. जो हा लेख आपल्यापाशी दाबून ठेवील, तो साठ हजार वर्षं शेणातला किडा होईल.

मी बेहद्द खूश झालो. मागं कागद चिकटवून 'तपासले, योग्य आहे' असं लिहिलं, सही केली, वर कॉलेजचा शिक्काही मारला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

बापाला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखू यायचा. "बा, हे अभ्यासाचं हाये," पोरगी सांगत राहिली. "सरनं योग्य हाये लिहिलं ना?" म्हणत तो पत्रा पिशवीत घालून जिल्ह्याच्या कचेरीत गेला. तिथल्या बाबूनं न वाचताच पत्र्यावर आवक क्रमांक टाकला. पुढच्या टेबलावरच्या साहेबानं मात्र शेवटपर्यंत वाचलं आणि पत्रा लगेच शेजारी सरकवला.

त्या कचेरीत विहिरींचे अर्ज वर्षानुवर्षं पडून असायचे. हा पत्रा एका टेबलावर संध्याकाळपर्यंत थांबला नाही. कोणी मंजूर करेना, कोणी फेटाळेना, ठेवून तर कोणीच घेईना. एकानं शेरा मारला, 'दात्याने ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे.' दुसऱ्यानं लिहिलं, 'दाता मयत असल्यास वारसाचा दाखला जोडावा.' फिरत फिरत जूनमध्ये तो माझ्याकडं आला. सोबत पत्र होतं, 'शिक्का आपल्या महाविद्यालयाचा असल्याने सदर रस्ता आपल्या स्तरावर करून घ्यावा व अहवाल सादर करावा.'

मी स्टाफरूममध्ये ते मोठ्यानं वाचून दाखवलं. पोट धरधरून हसलो. मग तासाला हजेरी घेतली, तर पाऊस लागल्यापासून ती पोरगी आठवडाभर आलेलीच नव्हती. सरळ सांगतो, लाज वाटली.

रविवारी तांड्याकडं निघालो. नाल्यापुढं सगळी काळी माती. एक चप्पल गेली, मग दुसरी. दोनदा आपटलो. तिच्या दारात पोचलो तेव्हा चिखलातून तोंड तेवढं दिसत होतं. "पोरीला कॉलेजात धाडा," मी बापाला म्हणालो.

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "सर, तुमी बाप्या माणूस. तुमची ही गत झाली, अन् मी लेकरू धाडू?"

म्हणजे त्याच्या बाजूचा पुरावा मीच अंगावर घेऊन आलो होतो. इतका राग आला स्वतःचा.

पोरगी पाणी घेऊन आली. माझा अवतार बघून तिनं हसू दाबलं. "बा, सरला एकट्यानं वापस जाता येनार न्हाई," ती म्हणाली. "मी नाल्यापर्यंत सोडून येते."

बापही मागून निघाला. ती पुढं, अनवाणी. "इथं न्हाई सर, गवतावर पाय द्या. आता त्या दगडावर." तरी मी एकदा चिखलात बसलोच.

नाल्यावर पोचलो. बाप बराच वेळ तिच्या पायांकडं बघत उभा राहिला. घोट्याच्या वर चिखलाचा शिंतोडासुद्धा नव्हता.

मग माझ्याकडं न बघताच त्यानं विचारलं, "उद्या किती वाजता भरते तुमचं कॉलेज?"