चौकोनी राक्षस

रविवारी दुपारी माझ्या मुलाने, सुधीरने, कॉलेजात असताना खेळायचा तो कॉम्प्युटर गेम नव्या लॅपटॉपवर लावला आणि आपल्या लेकीला, ईराला, खेळायला बसवलं. परग्रहावरचा तळ, हातात बंदूक, आणि बोळाबोळांतून आपणच चालत जायचं, असा तो खेळ. पन्नाशीला आलेला हा माणूस, पण चेहरा असा, की जणू त्याचाच निकाल लागणार होता. तिला आवडेल ना?

ईरा हसतच सुटली. "बाबा, हा राक्षस आहे की फरशीचे तुकडे?"

सुधीर हिरमुसला. "अगं, आम्हाला घाम फुटायचा याला बघून," एवढंच पुटपुटला.

मी चष्मा पुसून पाहिलं. दोसुतीच्या कापडावर फुल्याफुल्यांच्या टाक्यांनी मी पोपट भरायचे ना, तस्साच होता तो, चौकोनाचौकोनांचा. जवळून बघावं तर नुसते टाके, आणि जरा लांब गेलं की पोपट. उरलेला पोपट मग बघणाऱ्याचे डोळेच पुरा करतात. मला वाटतं, जिथे अशी थोडी जागा मोकळी सोडलेली असते, तिथे किती वर्षांनी का होईना, नवं माणूस शिरतंच.

शिरलीच की ती! बोळ वळला तशी ईराची मान वळली, खांदा कलला, पाय खुर्चीवर गेले. सुधीरला राहवेना. "आता डावीकडे दार आहे बघ, त्यात..."

"बाबा, गप्प बस ना! मागून कुणीतरी येतंय!"

सुधीर गप्प बसला. गप्प केल्यावर इतका खूश झालेला माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला.