रात्री उतरणारी बॅटरी

मीटरनानांनी आकडा सांगितल्याशिवाय लाँचवर कुणी पाय ठेवायचं नाही. मास्तर असोत, तलाठी असोत, नाहीतर आख्खं वऱ्हाड असो. नाना मागची फळी उचलायचे, वाकून मीटरची लाल वायर बॅटरीच्या एका टोकाला आणि काळी दुसऱ्या टोकाला टेकवायचे, आणि खणखणीत आवाजात सांगायचे, "बारा पॉइंट तीन!" मग आम्ही चढायचो. एवढंच की हे सांगताना त्यांचं तोंड आमच्याकडे नसायचं, पाण्याकडे असायचं. मला ते पहिल्या दिवसापासून खटकलं होतं.

मी मूळची मंचरची. डिंभ्याच्या धरणापलीकडच्या उपकेंद्रात नर्स म्हणून माझी बदली झाली, तेव्हा मला पोहता येत नव्हतं आणि राग मात्र उठसूट येत होता. राहायची खोली अलीकडच्या काठावर, नानांच्या शेजारी, काम पलीकडे. मोबाइल अजून त्या डोंगरात यायचा होता. पहिल्याच सकाळी मी म्हणाले, "अहो नाना, निघायचं का मुहूर्त बघत बसायचं?"

नाना शांतपणे वायरी गुंडाळत म्हणाले, "सिस्टरबाई, ह्या इंजिनाला हँडल न्हाई. मधी बंद पडलं आन् सेल्फ न्हाई लागला, तर तुमी आन् मी हितंच. पलीकडं एखादी बाई अडली आसंल तर तिनं कुणाच्या तोंडाकडं बगायचं?" मी पिशवी मांडीवर घेऊन चढून बसले. तसं मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

मीटर पिवळं, हातभर वायरींचं. जुन्नरच्या एका बॅटरीवाल्या चाचांनी त्यांना ते दिलं होतं आणि दोन गोष्टी शिकवल्या होत्या. त्या नानांनी मला इतक्यांदा ऐकवल्या की अजून झोपेत म्हणेन. एक, नुकतीच चार्ज झालेली बॅटरी खोटं बोलते. तासभर बसू द्यावी आणि मग मोजावी. दुसरी त्यांच्याच शब्दांत, "बसल्या जागी समद्याच ठणठणीत आसत्यात. सेल्फ मारा, लोड येऊ द्या, मग मीटर बगा. खरं काय ते तवाच कळतं." म्हणून ते सेल्फ मारतानाही एक डोळा मीटरवर ठेवायचे. संध्याकाळी शेवटची फेरी झाली की इंजिनाच्या वायरी बॅटरीपासून सोडवून काठावर तासभर तंबाखू मळत बसायचे आणि मग त्या दिवसाचा शेवटचा आकडा घ्यायचे.

तो आकडा बारा पॉइंट सहा असायचा. आणि सकाळी बारा पॉइंट तीन. रोज. वायरी सुटलेल्या, दिवा बंद, लाँच दोराला बांधलेली, तरी रात्रीतून बॅटरी उतरायची. नवी आणली, तीही उतरायची. घरी नेऊन ठेवली की मात्र उतरत नसे. पाण्यावर राहिली की उतरे. मंचरला इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्या माझ्या भावाला मी हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "ताई, कुठंतरी लीकेज असणार." मी तेच नानांना ऐकवलं.

"लीकेज न्हाई," नाना म्हणाले. "खाली जातंय."

"खाली कुठं?"

"आमच्या गावात."

त्यांचं गाव लाँचच्या वाटेवर, बरोबर मध्यावर, पाण्याखाली होतं. विजेचे खांब यायच्या आधी धरणाचं पाणी आलं. लोकांनी देव आणले, दारं आणली, कौलं आणली. नानांची आठ महिन्यांची मुलगी, चिंगी, तापानं गेली होती. लहान लेकरू म्हणून तिला जाळलं नव्हतं, रीतीप्रमाणे घरामागं उंबराखाली पुरलं होतं. "तिला कशी आणायची?" एवढंच ते म्हणाले. मग तंबाखू मळत म्हणाले, "अंधाराला लई भ्यायची. चिमणी इझवली की रडायची. रातभर चिमणी ठेवायला लागायची बगा. थोडं नेतीया, नेऊ दे."

 त्यानंतर मध्यावर नाना इंजिन हळू करायचे तेव्हा मी पाण्यात बघायचं टाळायची. हिरवट काळं पाणी, आणि खाली काय आहे ते आता मला माहीत झालेलं. मासे धरणारे सांगायचे की अवसेला तिथं पाण्याच्या आत पिवळट उजेड दिसतो. मी त्यांना झापायची, आणि खोलीवर जाऊन दार दोनदा लावायची.

एका श्रावणातली गोष्ट. पलीकडून अडलेल्या बाळंतिणीला घेऊन आम्ही निघालो. मूल आडवं होतं, माझ्या हातात काही उरलं नव्हतं. लवकरात लवकर अलीकडे पोचून जीपनं पुढे न्यायचं, एवढंच. सकाळचे दहा वाजले असतील, पण धुकं असं की लाँचचं पुढचं टोक दिसेना. नेमकं मध्यावर कुणाच्या तरी जाळ्याचा दोर पंख्यात अडकला आणि इंजिन बंद पडलं. नानांनी पाण्यात उतरून दोर कापला, वर आले, सेल्फ मारला. टक. पुन्हा मारला. नुसतं टक. मीटरवर अकरा पॉइंट दोन.

एकदम सगळं शांत झालं. ती बाई कण्हत होती तेवढाच आवाज. वारा होता, धुकं पळताना दिसत होतं, पण लाँच जागची हलत नव्हती. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. 

नाना लाँचच्या काठावरून खाली वाकले. ओल्या हातांनी मीटरच्या दोन्ही वायरींची टोकं त्यांनी पाण्यात बुडवली आणि घरातल्या मुलीशी बोलावं तसं बोलले, "चिंगे, आज नगं बाई. आज हिला लागतंय. सोड."

मग त्यांनी वायरी पुसून बॅटरीला लावल्या. मी स्वतः बघितलं. अकरा पॉइंट तीन. पाच. नऊ. बारा पॉइंट एक. भाऊ म्हणतो, थकलेली बॅटरी जरा थांबली की थोडी वर येते. येत असेल बापडी. पण सेल्फ पहिल्या झटक्यात लागला आणि लाँच अशी पुढे उसळली की मी बाळंतिणीवर पडता पडता वाचले. दुसऱ्या दिवशी नानांनी विचारलं, "काय झालं तिला?" मी म्हटलं, "मुलगी. दोघी बऱ्या आहेत." त्यांनी पाण्याकडे बघून तेही मोठ्यानं सांगितलं.

आता जे सांगायचं ते सांगायला मला जड जातं. पुढच्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, लाँच लागायची त्या घाटापासून वस्तीपर्यंतची चढण लांबली. नाना एकदा म्हणाले, "सिस्टरबाई, चढताना छातीत भरून येतंय." मी त्यांना खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला. एकशे तीस, ऐंशी. "अगदी ठणठणीत आहात. गॅस आहे. शेंगदाणे कमी खा."

नाना हसले. "बसल्या जागी मोजलंत व्हय? चढून आल्यावर मोजा की."

"नाना, माणूस म्हणजे काही बॅटरी नव्हे!" मी म्हणाले. वर हसलेही. नऊ वर्षं रोज तो माणूस मला एकच गोष्ट शिकवत होता, आणि ज्या दिवशी त्याला तिची गरज पडली त्या दिवशी मी ती हसण्यावारी नेली. मोठ्या डॉक्टरकडे चिठ्ठी द्यायला मला दोन मिनिटं लागली असती.

तिसऱ्या आठवड्यात बॅटरी चार्जिंगला न्यायची म्हणून ती खांद्यावर घेऊन ते चढण चढत होते, तिथंच बसले. मी धावत गेले तेव्हा संपलेलं होतं. शर्टाच्या खिशात मीटर चालूच राहिलं होतं. वायरी कशालाच लावलेल्या नव्हत्या, तरी काचेतले आकडे हलत होते. मी ते बंद केलं.

तेराव्यानंतर लाँचवर नवा माणूस आला, चांगला तरणा गडी, पण त्याला मीटर धरता येईना. नानींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, ते माझ्या हातात दिलं. "तुमीच बगा दोन दिवस," म्हणाल्या. संध्याकाळी वायरी सोडवून मी नानांच्या जागेवर तासभर बसले आणि मोजलं. बारा पॉइंट सहा. बॅटरी तीच, लाँच तीच.

सकाळी पुन्हा फळी उचलली, लाल वायर, काळी वायर. मी आकडा वाचला, वायरी काढून पुन्हा लावल्या, पुन्हा वाचला. नानी घाटावर उभ्या होत्या. नऊ वर्षांत त्यांना मी कधी घाटावर आलेलं पाहिलं नव्हतं.

"किती हाय?" त्यांनी विचारलं.

"बारा पॉइंट सहा," मी म्हटलं. "नानी, उतरलीच नाही."

त्यांनी मध्यावरच्या पाण्याकडे बघितलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "मंग ह्ये पोचलं म्हनायचं चिंगीजवळ."

आजही कुणी छातीची तक्रार घेऊन आलं की मी त्याला आधी दारातल्या पायऱ्या चढायला लावते आणि मगच पट्टा बांधते. नवी डॉक्टरीण हसते मला. हसू दे. आलेला आकडा मी मोठ्यानं सांगते, आणि सांगताना माझं तोंड आपोआप खिडकीकडे, पाण्याकडे वळतं.