पायांका कोण सांगतलो?

खाडीकाठच्या चोपड्याहून येणारी मासेवाली आमच्या वाड्यावर पोचली की आधी आंब्याखाली पाटी उतरवायची, पदराने मान पुसायची आणि मग दारोदार एकाच सुरात हाक द्यायची, "बाये, बांगडे!"

एकदा पालखीच्या मानावरून वाड्याने एका घराला वाळीत टाकलं. जाणत्यांनी तिला बजावलं, "त्यांच्या दारात गेलंस तर आमच्याकडे येव नको."

"माका कळलां," पाटी डोक्यावर घेत ती म्हणाली. "पण पायांका कोण सांगतलो? इतकी वर्सां हीच वाट चलतत." आणि सरळ त्याच घरी गेली.

मग सगळ्यांनी तिला दारं बंद केली. माझ्या आईनेसुद्धा. तरी ती रोज आमच्या बंद दाराशी थांबून तशीच हाक द्यायची. आत आम्ही सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, खात बसायचो.

महिनाभराने आईने दार उघडलं. मला वाटलं, आता मासेवाली आईला चांगलं सुनावणार. तिने पाटीवरचं केळीचं पान बाजूला केलं. "घे गो, आज ताजे आसत."

हल्ली मासेवाला स्कूटरवरून येतो आणि ज्यांचा फोन आला त्यांच्याच दारात थांबतो. बंद दाराला हाक मारणारं आता कोणी येत नाही.