चार नंबरच्या कोठडीतला पलंग

पिमेंटो गॅप या आमच्या गावात मास एगींना ओळखत नाही असं कोणी नाही. पूर्ण नाव एग्बर्ट टलक, वय एकाहत्तर, आणि आवाज असा की पाळण्यातलं पोर झोपेतून उठणार नाही. सव्वीस वर्षं ते शहरातल्या मोठ्या तुरुंगात वॉर्डर होते, त्यातली एकोणीस फाशी-यार्डात, म्हणजे फाशीची वाट बघणाऱ्या कैद्यांच्या आवारात. एवढं पाहून आलेला माणूस एक तर दारूला लागतो नाही तर देवाला. मास एगी कोनफळाच्या वेलींना लागले. घरामागच्या उतारावर त्यांनी मातीचे उंचवटे रचले, दोन शेळ्या पाळल्या, आणि एके दिवशी मिस डल्सीच्या दुकानातून शाळेच्या अर्धा डझन वह्या आणून ते कादंबरी लिहायला बसले.

हो, कादंबरी! तीही भुताची.

गावाला हसायला कारण मिळालं. "आयुष्यभर कुलपं लावली, आता म्हातारपणी अक्षरं लावतोय," असं मिस डल्सी म्हणाली. आमच्याकडे मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिस म्हणतात, आणि म्हाताऱ्या माणसाला मास. पण मास एगींना कोणाच्या हसण्याचा कधी राग आला नाही. सकाळी वेलींना काठ्या बांधायच्या, अकराला उकडलेली केळी आणि खारवलेला मासा खायचा, आणि मग ओट्यावर बसून लिहायचं. माणूस सुखात होता. बघून आपल्यालाच हेवा वाटावा इतका सुखात.

फाशी-यार्डात त्यांना टाकलं तेही त्या आवाजामुळेच. साहेब म्हणाला होता, "टलक, तू ओरडत नाहीस. तिकडे ओरडणारा माणूस चालत नाही." त्यांना आधी ती शिक्षा वाटली. पुढे अंगवळणी पडली, आणि खरं सांगायचं तर आवडूही लागली. तिथल्या कैद्यांशी ते लुडो खेळत, त्यांची पत्रं लिहून देत. कोणी काय गुन्हा केला ते त्यांनी फायलीत कधी वाचलं नाही. "कोणाला चहात साखर किती लागते एवढं कळलं की माझं काम भागायचं," असं ते सांगत. हे ऐकून डीकन लिओपोल्डचं डोकं फिरायचं. डीकन म्हणजे चर्चमधला मोठा माणूस. देव आणि भूत दोन्ही विषयांत त्याच्याशी वाद घालायची गावात कोणाची टाप नव्हती.

तर, दर शनिवारी दुपारी तीनला मिस डल्सीच्या दुकानासमोर कादंबरीचं वाचन सुरू झालं. डॉमिनोज खेळणारे खेळ थांबवायचे. ही काही साधी गोष्ट नाही.

गोष्ट अशी होती. चार नंबरच्या कोठडीतल्या जोएल नावाच्या माणसाला फाशी झाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची किटली यार्डात आली, आणि चार नंबरच्या दारावर पत्र्याचा मग वाजला. टक्, टक्. दोनदाच. वॉर्डरने दार उघडलं तर आत कोणी नाही. मग रोज सकाळी तेच. शेजारच्या कोठडीतला आडदांड कैदी पांघरूण डोक्यावरून घेऊन रडायला लागला, तेव्हा दुकानापुढे एकही जण माशी मारायलाही हलला नाही.

"थांबा, थांबा," मिस डल्सी म्हणाली. "भुताला मीठ चालत नाही. तुरुंगाच्या रश्शात मीठ असणारच. मग हा तिथे टिकला कसा?"

"मीठ?" मास एगी हसले. "डल्सी, तू कधी आत गेलेली नाहीस हे लगेच कळतं बघ."

लोक खो खो हसले. असे तीन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी तर बाजूच्या गावातून दोन बाया फक्त ऐकायला आल्या. मास एगींनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

चौथ्या शनिवारी घोळ झाला.

त्या दिवशी त्यांनी नववीचं, म्हणजे नवव्या दिवसाच्या विधीचं प्रकरण वाचलं. आमच्याकडे माणूस गेला की नऊ दिवस त्याचा जीव घरातच असतो. नवव्याला शेजारपाजार जमतं, गाणी होतात, तळलेले मासे आणि रम होते, आणि मग त्याची खोली बदलून टाकतात. पलंग फिरवायचा, गादी उलटायची, कपाट दुसऱ्या भिंतीला लावायचं. मेलेला आत डोकावतो, खोली ओळखू येत नाही, आणि मुकाट आपल्या वाटेने जातो. मास एगींनी लिहिलं होतं की जोएलच्या नवव्याला वॉर्डरने कोणाला न सांगता कोठडीतला पलंग फिरवला. आणि पुढच्याच पानावर, दहाव्या दिवशी सकाळी, टक्, टक्.

"हे चालणार नाही!" डीकन ताडकन उभा राहिला. "पलंग फिरवला ना? मग तो गेला. विषय संपला. फिरवूनही भूत राहिलं असं माझ्या पणजोबांच्या काळापासून कोणी ऐकलेलं नाही."

"अरे, कादंबरी आहे ती," मास एगी म्हणाले.

"कादंबरी असली म्हणून काय झालं? उद्या म्हणाल, मासा झाडावर चढला."

"डीकनचं बरोबर आहे," मिस डल्सी म्हणाली. "फिरवला तर जातोच. माझा नवरा गेला की नाही? आणि तो तर जिवंतपणी खुर्चीतनं उठत नव्हता!"

सगळे हसले, पण मास एगी हसले नाहीत. ते वहीची पानं उगाच मागेपुढे करत राहिले. तेवढ्यात विलायती फणसाच्या झाडाखालच्या बाकावरून कोणीतरी बोललं. "खरंच फिरवला होता का?"

तिथे एक म्हातारी बसली होती. मांडीवर वेताची पिशवी, डोक्यावर चर्चची टोपी. सगळ्यांना वाटलं होतं ती बसची वाट बघतेय. ती उठली आणि हळूहळू ओट्याशी आली.

"मी झिपोरा रिकर्ड्‌स," ती म्हणाली. "त्या तिकडच्या किनाऱ्यावरून आलेय. माझी भाची बाजारात या दुकानवाल्या बाईंना आलं विकते, तिच्याकडून तुमच्या गोष्टीचं कळलं. पत्र्याचा मग दोनदा वाजवायची ती खोड माझ्या मुलाची. आमच्या चुलीजवळ मुंग्या फार. मीच त्याला लहानपणी शिकवलं होतं, पिण्याआधी मग दोनदा आपट, मुंग्या पडतात. विन्टन त्याचं नाव. तुम्ही जोएल लिहिलंय."

मास एगींनी वही मिटली. विन्टन रिकर्ड्‌सला फाशी होऊन सोळा वर्षं झाली होती. त्याने खून केला होता, त्यात वाद नव्हता. तो स्वतःही कधी नाही म्हणाला नाही. साखर तीन चमचे. लुडोत हरला की मान खाली घालून हसायचा. फाशी झालेल्यांचं प्रेत घरच्यांना देत नसत, तुरुंगाच्या आवारातच पुरत. त्यामुळे या बाईने नववी कशाची करायची आणि खोली कुठली बदलायची?

"मी घरी गाणी म्हटली," मिस झिपोरा म्हणाली. "मासेही तळले. पण तो माझ्या घरात मेलाच नव्हता ना. माझं वय आता चौऱ्याऐंशी आहे, मास टलक. मला एवढंच सांगा, माझा मुलगा अजून तिथेच आहे का? तुम्ही पलंग फिरवला होता का नाही?"

आता इथे 'हो' म्हणायला काय लागलं असतं? एक शब्द. म्हातारी समाधानाने घरी गेली असती, आणि पुस्तकही तसंच राहिलं असतं. मास एगींनी तोंड उघडलंसुद्धा. पण सोळा वर्षं जे पोटात दाबून ठेवलं होतं ते त्या बाईच्या तोंडावर खोटं होऊन बाहेर पडेना.

"नाही," ते म्हणाले. "नवव्या दिवशी माझी ड्युटी होती. मी आत गेलो. पण तिथला पलंग सिमेंटचा आहे, बाई. जमिनीतूनच उठवलेला. तो हलत नाही. मी दोन हात लावून ढकललाही, वेड्यासारखा. मग बाहेर आलो आणि कुलूप लावलं. तो पत्र्याचा मग खरंच वाजायचा. मी निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी. या पुस्तकात बनवलेलं एवढंच आहे की पलंग फिरला."

डीकन खाली बसला. मास एगींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

मिस झिपोराने पिशवीतून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला. "रडायचं नंतर बघू," ती म्हणाली. "मला तिथे घेऊन चला."

"पण मास एगी," डीकन हळूच म्हणाला, "तो गेला की तुमचं पुस्तक संपलं. चारच प्रकरणं झालीत."

"संपू दे," मास एगी म्हणाले.

फाशी-यार्ड आता बंद होतं. बरीच वर्षं कोणाला फाशी झाली नव्हती, आणि चार नंबरमध्ये पिठाची पोती ठेवत. तिथली सार्जंट मॉयस्टन नोकरीत नवी असताना मास एगींच्या हाताखाली शिकलेली. तिला फोन केला तेव्हा ती आधी "नियमात बसत नाही, सर" म्हणाली, आणि मग म्हणाली, "बुधवारी दहाला या. झाडणारे रोज तक्रार करतात, सर. तो पत्र्याचा मग अजून वाजतो."

बुधवारी दहाला सार्जंटने कुलूप काढलं. मिस झिपोरा आत गेली. पलंग बघितला, हात लावून बघितला, आणि त्याच्यावरची पोती बाजूला करायला सांगितली. मास एगींनी आणि सार्जंटने पोती उचलली. म्हातारी त्या सिमेंटवर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते.

मास एगींना वाटलं ती प्रार्थना म्हणेल. तिने आधी खोलीभर नजर फिरवली, मग भिंतीकडे बघून जे सुरू केलं ते सकाळी उशिरा उठणाऱ्या पोराला घरोघरी ऐकू येतं तसलं होतं.

"विन्टन! ऊठ आता. किती वेळ? सोळा वर्षं झाली, काही लाजबीज आहे का नाही? लोकांच्या घरी माणूस किती दिवस राहतो? पलंग नाही हलत तर नाही हलत, त्याची वाट बघत बसलास? केलंस ते फार वाईट केलंस. त्याचं भोगलंस. संपलं. चल, मी न्यायला आलेय. उगाच मला हाका मारायला लावू नकोस, माझा घसा दुखतो."

मग ती उठली, झगा झटकला, आणि मागे न बघता बाहेर पडली. दारात मास एगी उभे होते. ती गेल्यावर ते आत पाऊल टाकणार होते, पण त्यांचं त्यांनाच कळलं नाही, ते एक पाऊल मागे सरले आणि भिंतीला लागून उभे राहिले. वाट करून देतात तसे. अंगावरून वारं गेलं म्हणावं तर वारंही नव्हतं. त्यांना भीती वाटली नाही. छातीवरचं ओझं उतरलं आणि भूक लागली, एवढंच त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं.

बस अड्ड्यावर त्यांनी दोघांसाठी भाजलेली मक्याची कणसं घेतली. मिस झिपोराला एकटीला सोडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तिच्या गावाची बस आली ती आधीच अर्धी भरलेली. ती खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून राहिली. मास एगी बसायला वाकले, तिने मान हलवली. ते सरळ उभे राहिले. त्यांची उंची सहा फूट दोन. डोकं छताला लागत होतं.

बस भरली, मग ठासून भरली. कंडक्टर ओरडला, "ओ मावशी, ती जागा रिकामी का? आजोबांना बसू द्या की! त्यांचे गुडघे बघा जरा!"

"जागा रिकामी नाही," मास एगी म्हणाले.

"कोण आहे तिथे?"

"या बाईंचा मुलगा आहे. तू पुढे बघ."

कंडक्टरने त्या जागेकडे बघितलं, मग म्हातारीकडे. आमच्या देशात असल्या गोष्टी फार समजावून सांगाव्या लागत नाहीत. त्याने टोपी सरळ केली आणि मागच्यांना म्हणाला, "सरका, सरका, इकडे धक्का मारू नका कोणी."

डोंगर उतरून किनारा यायला अडीच तास लागतात. मास एगी तेवढा वेळ त्या जागेसमोर उभे राहिले, दांडीला धरून, वळणावर इकडून तिकडे डुलत, आणि कोणाचंही सामान त्या जागेवर पडू दिलं नाही. मिस झिपोरा कणीस खात होती, आणि मधूनच शेजारी वळून खिडकीबाहेर बोट दाखवत हळू आवाजात सांगत होती, नदीवर आता नवा पूल झालाय, हे चर्च त्यांनी परत बांधलं, आणि ते बघ, ते आपलं वळण आलं.