निळीचं उजवं दार

फोन आला तेव्हा मी चिपळूणला, आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलीकडे, वाल सोलत बसले होते. रविवार होता. हात ओले म्हणून भाचीने फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला. "अक्का, मी वसंता. तू ये." एवढंच. वसंता आमचा चुलत भाऊ. त्याचं खळं, म्हणजे अंगण, आमच्या खळ्याला लागून, पण मध्ये दगडी गडगा, आणि गेली कित्येक वर्षं तो आमच्याशी एक शब्द बोललेला नव्हता. तो बोलला म्हणजे बापू गेला, हे मला सांगावं लागलं नाही. मी वाल तसेच टाकले आणि उठले. वाटेत गाडीत भाची रडत होती आणि मी मात्र एकच विचार करत होते, की आज रविवार, बापूला दार कुणी उघडलं असेल...

हे दाराचं काय ते सांगायला हवं. नाहीतर बापू कुणालाच कळायचा नाही.

बापू माझा मोठा भाऊ. रत्नागिरीपासून जवळच, खाडीच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, तिथे आम्ही दोघंच राहायचो. मी शहरातल्या शाळेत शिकवून निवृत्त झाले, तो आंब्याची बाग बघायचा. लग्न दोघांचंही राहिलं. त्याचं राहायचं काही कारण नव्हतं खरं तर. तरुणपणी त्याला बोटीवर नोकरी लागली होती, बॅग भरून ओटीवर ठेवलेली मी पाहिली आहे. नेमके त्याच दिवसांत बाबा अर्धांगाने आडवे झाले. झाडावरचा आंबा उतरत आलेला, पेट्या भरून ठेवलेल्या आणि गाडी चालवणारा घरात हा एकटा. "एवढा सीझन काढतो नि जातो," तो म्हणाला. पुढच्या वर्षी तेच म्हणाला. मग कधीतरी म्हणायचा थांबला. ती बॅग माळ्यावर गेली आणि तिच्यात आम्ही पावसाळ्यातली पांघरुणं ठेवायला लागलो.

गाडी म्हणजे आमची निळी. अमेरिकन बनावटीची जुनी पिकअप, गोल कपाळाची, डोळे वटारल्यासारख्या दिव्यांची. बाबांनी ती कुणा कंत्राटदाराकडून घेतली होती. आमच्याकडची हवा खारट, पत्र्याला ती जगू देत नाही. आधी चकचकीत पट्ट्या गेल्या, मग बॉनेटवरचा मोनोग्राम, मग उजवं, ड्रायव्हरचं दारच कुजून हातात आलं. तसलं दार मिळणार कुठून? बाबांनी खाडीतल्या होड्या बांधणाऱ्या सुताराला बोलावलं. त्याने सागाची चौकट करून तिच्यावर पत्रा मारला. होडीसारखं भक्कम दार झालं, फक्त मापाला थोडं आखूड. मागे जी फट राहिली तिथे त्याने एक फळी कायमची ठोकून दिली आणि सगळ्यावर निळा रंग काढला. डाव्या दाराची आतली मूठ तर मी शाळेत असतानाच गेली. ते दार फक्त बाहेरून उघडायचं. याच गाडीने बापूने वर्षानुवर्षं रत्नागिरीच्या बाजारात आंबा नेला. मी मात्र तिच्यात कधी पुढे बसले नाही. लहानपणी बायकामुलं मागे हौद्यात पेट्यांवर, आणि पुढे बाबा नि त्यांचा कुणी पाव्हणा, असा शिरस्ता होता.

एकदा ऐन हंगामात भरलेली निळी मागे घेताना बापूने काकूच्या तुळशीवृंदावनाचा कोपरा उडवला. काकू म्हणजे वसंताची आई. बापूचं म्हणणं, वृंदावन वाटेत बांधलंय. त्यांचं म्हणणं, वाटच आमच्या अंगणातून जाते. आणि ते खरंही होतं. वाटण्यांत ती जागा त्यांच्याकडे गेली होती, आमची जाण्यायेण्याची वाट फक्त तोंडी ठरलेली. बापूने दुसऱ्या दिवशी गवंडी पाठवून वृंदावन पहिल्यापेक्षा चांगलं बांधून दिलं. स्वतः गेला नाही. काकू ओटीवर बसून वाट बघत राहिली आणि म्हणाली, "गवंडी आला, माणूस काय आला नाय." ती त्याच वर्षी गेली आणि तिचे दिवस होताच वसंताने हद्दीवर चिऱ्याचा गडगा घातला. वर रस्त्याला जायला एक फाटक ठेवलं, माणूस जाईल एवढं. निळी आत राहिली.

आणि आम्हीही. फाटकातून गॅसचा सिलेंडर आडवा करून आणायचा. फ्रिज गडग्यावरून चौघांनी झेलून घेतला. आंब्याच्या पेट्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत, तिथून टेम्पो. रत्नागिरीत कोर्टात तारखा पडत राहिल्या. मी बापूला किती वेळा म्हटलं, जा, वसंताला एकदा चुकलं म्हण. तो पानाचा डबा उघडायचा नि बंद करायचा. मला त्या घरात गुदमरायला व्हायचं. खिडकीतून खाडी दिसते, होड्या बाहेर पडताना दिसतात, आणि आपण आपल्याच अंगणात कोंडलेले. भांडायला तरी कुणाशी भांडायचं? बापू भांडायचाही नाही.

रविवारी सकाळी तो निळी चालू करायचा. खळ्याच्या कडेला, तिन्ही बाजूंनी उघड्या अशा पत्र्याच्या पडवीत ती उभी असायची. इंजिन तापलं की पुढे खळ्यात आंब्याच्या बुंध्यापर्यंत न्यायची, परत मागे आणायची. तेवढाच प्रवास. आवाज झाला की पलीकडे वसंता मुद्दाम रेडिओ मोठा करायचा. "वाट झाली की पहिली फेरी हेदवीला," बापू मला सांगायचा, "तू पुढं बसायचं." हेदवीच्या गणपतीला आता एसटी जाते, रिक्षा जाते, मी चारदा जाऊन आले होते. पण त्याला हे सांगण्यात अर्थ नव्हता.

दोनेक वर्षांपूर्वी त्याला मोबाइलवर शोध लागला, की परदेशात अशा जुन्या गाड्यांच्या पट्ट्या, मोनोग्राम, दिव्यांच्या कडा अजून नव्याने बनवतात. जुन्या साच्यावरून, तंतोतंत. झालं. रात्रंदिवस तेच. मी एकदा नक्कल म्हणाले तर त्याला लागलं. "नक्कल नाय गो. रिप्रॉडक्शन." मागवायचं ठरल्यावर वाडीतले लोक हसले. जी गाडी फाटकाबाहेर पडत नाही तिला नटवायचं कशाला? तो शांतपणे म्हणाला, बाहेर फिरणारी गाडी कशीही असली तरी चालते, घरात बसणारीला नीट ठेवायला लागतं. मी स्वयंपाकघरात होते. ते वाक्य मला ऐकू आलं आणि मी मुद्दाम भांडी वाजवली.

माल आला तो एका लांबलचक खोक्यात. फाटकातून ते वळेना, शेवटी उभं करून आणलं. बापूने ओटीवर चादर अंथरून एकेक पट्टी मांडली. बाळाला हाताळावं तशी कागदातून काढायचा, धोतराच्या सोग्याने पुसायचा. मला म्हणाला, बघ, तोंड दिसतं. दिसलं खरं, दोघांचंही, लांबुडकं आणि म्हातारं. मग कित्येक दिवस तो नुसती मापं घेत होता. मोनोग्राम बसला, दिव्यांच्या कडा बसल्या, मडगार्डवरच्या पट्ट्या बसल्या. अडलं ते उजव्या दारावर. पट्टी कारखान्याच्या मापाची, दार सुताराच्या. पट्टीचं शेपूट दार संपून मागच्या फळीवर जात होतं. कुणीही तेवढं कापून टाकलं असतं. बापू म्हणाला, पट्टीची लांबी बरोबर आहे, चूक दाराची आहे. आणि चुकीच्या दारासाठी तो बरोबर पट्टी कापणार नव्हता.

मग एका सकाळी मी बाजारातून आले तर घरात कुणी नाही. पडवीतून हॉर्न वाजला, एकदाच, अगदी हळू. जाऊन बघते तर बापू निळीत बसलेला. काच अर्ध्यावर अडकलेली, तिच्यातून त्याचा चेहरा. पट्टी मात्र झोकात बसली होती, मडगार्डपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ चकचकीत रेघ. त्याने काय केलं होतं, तर पट्टीचं शेपूट लोंबू नये म्हणून फळीतून आरपार बोल्ट घातले होते आणि नट आवळायला डाव्या दाराने आत गेला होता. ते दार वाऱ्याने लागलं. आतून त्याला मूठ नाही, त्या बाजूची काचही खाली येत नाही. आणि एकच पट्टी दारावर नि फळीवर आवळून उजवं दार त्याने स्वतःच्या हाताने गाडीला आवळून टाकलं होतं.

"बाय, दार उघडत नाय गो," तो म्हणाला.

मला हसू आवरेना. मग त्याच्या हातात पाना दिसला आणि हसू थांबलं. नट त्याच्या गुडघ्याशी, पाना हातात. मी म्हटलं, अरे मग सैल कर की, आलास बाहेर. तो त्या रेघेकडे काचेतून वाकून बघत होता. "नाय. आता कुठं ती सरळ बसलीय." मी तिथे उभी राहून त्याला खूप बोलले. माळ्यावरच्या बॅगेपासून सगळं काढलं. आम्हा दोघांना कोंडून घालणारा तो गडगा वसंताने नाही घातला, तू घातलास, असंही म्हणाले.  तो स्टिअरिंगवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला म्हायत हाय ते. काकू ओटीवर बसलेली मला दिसत होती. पाय निघाला नाय, बाय... आता कुणाकडं जाऊ?" मग म्हणाला, वाट मोकळी होईल त्या दिवशी मी हे नट सोडीन, उजव्या दाराने उतरेन, आणि मग तू म्हणशील तिकडे जाऊ. तोवर हे दार असंच. हे त्याने देवाला गाऱ्हाणं घालावं तशा आवाजात म्हटलं. मी वळसा घालून गेले आणि डावं दार बाहेरून उघडलं.

तेव्हापासून तेच चालू झालं. रविवारी तो आत जायचा, इंजिन तापवून पुढेमागे करायचा, आणि उतरायचं झालं की एक हॉर्न. मी पिठाचे हात घेऊन जायची आणि दार उघडायची. कधी मुद्दाम उशीर करायची. मी गावाला जाणार असले तर तो दाराच्या फटीत सोललेल्या नारळाचं सोडण अडकवून ठेवायचा, म्हणजे ते लागणार नाही. मी चिपळूणला निघाले त्या दिवशीही त्याला सोडणाची आठवण करून दिली होती. तो हसून म्हणाला होता, मी काय लहान आहे का.

पुढचं मला वसंताने सांगितलं. इंजिन चालू झालं ते बंद होईना. मग हॉर्न वाजला, एकदा. पुन्हा नाही. "तू घरात नाय हे मला ठाव होतं," वसंता म्हणाला. "तो हॉर्न तुझा. मग दार कोण उघडणार, म्हणून मी गडग्यावरनं उडी मारली." या वयात. त्याचा घोटा अजून सुजलेला आहे. सोडण फटीत होतं तसंच होतं, दार लागलेलंही नव्हतं. बापू स्टिअरिंगवर डोकं टेकून होता. डॉक्टर म्हणाले, हृदय, फार वेळ लागला नसेल. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. दार उघडं असताना त्याने हॉर्न का वाजवला असेल? कुणाला बोलावलं? मी तर चिपळूणला होते, हे त्याला ठाऊक होतं.

त्याला नेताना तिरडी फाटकातून निघेना. पुढच्या खांद्याला वसंता होता. त्याने इकडून बघितलं, तिकडून बघितलं, शेवटी सगळ्यांना थांबवून तिरडी एका अंगावर कलती करून काढावी लागली. मी ओटीवरून बघत होते. फ्रिज, खोकं, सिलेंडर, सगळं असंच गेलं-आलं होतं. मला वसंताचा रागही आला नाही. नुसतं कळलं, की बापू याहून वेगळा बाहेर पडणारच नव्हता.

तेरावं झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चिरे पडल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले, तर वसंता दोन गड्यांना घेऊन गडगा काढत होता. लंगडत स्वतः चिरे उचलत होता. मी चहा नेला. त्याने कप घेतला आणि खाली बघत म्हणाला, "मला त्याला कलता करायला लागला, अक्का." चहा संपवून त्याने पुन्हा चिरा उचलला. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली. पूर्वी होती तेवढी रुंद. वृंदावनाच्या बाजूने टेम्पोसुद्धा आरामात जाईल. मी खळ्यात उभी राहून रस्त्यापर्यंत बघितलं आणि मला कुठेच जावंसं वाटेना.

संध्याकाळी मी डाव्या दाराने निळीत चढले. आयुष्यात पहिल्यांदा पुढे बसले. आत तेलाचा आणि त्याच्या पानाचा वास होता. पाना सीटखालीच सापडला. शेजारच्या सीटकडे वाकून नट सोडायला मला बराच वेळ लागला, बापूने ते जन्माचे आवळले होते. पट्टी निसटून खाली पडू नये म्हणून वसंता बाहेरून ती दोन्ही हातांनी धरून उभा होता. शेवटचा नट निघाला तसं मी म्हटलं, ओढ. त्याने पट्टी काढून एका हातात घेतली आणि दार ओढलं. होडीच्या सुताराचं ते दार एकदा कुरकुरलं आणि सताड उघडलं.

ते उघडताच वसंता दोन पावलं मागे सरला, गाडीतून माणूस उतरताना आपण सरतो तसा, आणि हातात पट्टी घेऊन वाट देऊन उभा राहिला.