वाघाआडचा सिग्नल

आमच्या बल्लारपूरच्या रेल्वे कॉलनीत गणपतीच्या देखाव्यात आगगाडी पळवायचं ठरलं आणि माझ्या निवृत्तीतली सगळी शांतता संपली. सिग्नल कुठे रोवायचे हे मी ठरवणार होतो. नोकरीभर तेच केलं. नकाशावर माझी पेन्सिल टेकली की जंगलातले साग आपणहून बाजूला सरकायचे, असं मी सांगतो. ज्यांना पटत नाही त्यांना मी चहा देत नाही.

गाडी चालवायला मंडळाने नेमका माझा शेजारी आणला. निवृत्त ड्रायव्हर. मालगाड्या ओढून ओढून स्वभावही तसाच झालेला. एकदा सुटला की थांबत नाही. आमची बोलचाल फक्त भांडणापुरती. त्याच्या मते माझा एकही सिग्नल धड जागी नव्हता, माझ्या मते त्याला डोळे नव्हते. कुंपणावरून रोज एकच तुणतुणं, "सिग्नलची जागा ड्रायव्हरच्या सीटवरून ठरते, नकाशावरून नाई. चार लोकांत एकदा तरी कबूल कर बे!" मी कशाला करतोय!

प्लायवूडवर रूळ मांडले. एका टोकाला लाल मातीचा सूरजागडचा डोंगर, दुसऱ्या टोकाला थर्माकोलचं बल्लारपूर स्टेशन, मध्ये डावीकडे वळण. वळणानंतर, स्टेशनाच्या तोंडाशी, मी सिग्नल रोवला. रुळाच्या डाव्या हाताला, कारण नियम तसा आहे आणि नियम म्हणजे मी.

मग मंडळाच्या अध्यक्षबाईंनी वाघांच्या जंगलालगतच्या मोहर्लीहून कागदाच्या लगद्याचा वाघ आणला आणि वळणाच्या आतल्या बाजूला बसवला. वाघ असा की त्याने जांभई दिली असती तर स्टेशन प्रवाशांसकट आत गेलं असतं.

स्थापनेच्या दिवशी गर्दी जमली. गाडी स्टेशनात आली की आरती, असं ठरलेलं. मी बटण दाबून हिरवा दिवा लावला. ड्रायव्हर सूरजागडच्या टोकाला, गाडीच्या मागे स्टुलावर बसला, हनुवटी प्लायवूडच्या काठावर टेकवली आणि खटका फिरवला. गाडी सूरजागडहून निघाली, वळणापाशी आली आणि थांबली.

"हिरवा आहे!" मी ओरडलो.

"असन. मले दिसत नाई."

"आंधळा झाला का? मला इथून चकाचक दिसतो."

"तू उभा आहेस. मंग इंजिनावर माडी बांधू का आता?"

लोक खिदळले. माझे कान तापले. अध्यक्षबाई पुढे आल्या. "भाऊ, आरती अडून राह्यली."

"बाई, तुमचा वाघ हलवा."

"वाघ काऊन हलवू? फोटोले लाइन लागली तिथं. तुमची काडी हलवा."

काडी! माझ्या सिग्नलला! मी तणतणत ड्रायव्हरशेजारी खाली बसलो. गुडघे असे वाजले की चंद्रपुरात लोकांनी फटाके समजून कान झाकले असतील. त्याच्या तोंडाला तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा वास. त्याच्याच हनुवटीच्या उंचीवर मी डोळे आणले.

"काय दिसून राह्यलं?"

"वाघाचं ढुंगण."

"अन् सिग्नल?"

मी उठलो, सिग्नल उपटला आणि रुळाच्या उजव्या हाताला, वळणाच्या बाहेरच्या अंगाला रोवला. एरवी डावीकडचा सिग्नल उजवीकडे नेण्यापेक्षा मी मिशी उतरवली असती. पुन्हा बसून पाहिलं. हिरवा दिवा स्वच्छ दिसत होता.

गाडी हलेना.

"आता काय झालं?"

"माईक," तो म्हणाला. खटक्यावरचा हात त्याने काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. मागून पोरं टाळ्या पिटत होती, अध्यक्षबाई आरतीचं ताट या हातातून त्या हातात घेत होत्या आणि गणपती तेवढा कोणाची बाजू न घेता बसला होता.

मी माईक घेतला. "हा सिग्नल," मी 'हा'वर भरपूर जोर दिला, "ड्रायव्हरच्या जागेवरून दिसत नव्हता. जागा तिथे बसूनच ठरवायला पाहिजे होती."

त्याने खटका फिरवला. गाडी वाघाच्या नाकासमोरून डुलत स्टेशनात शिरली. टाळ्या पडल्या, सगळ्या त्याला.

"एक झाला," माझ्याकडे न पाहता तो म्हणाला. "आता बाकीच्यायचं सांग."

मी माईक अध्यक्षबाईंच्या हातात कोंबला आणि सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत आरती सुरू केली.