बिननावाचा दोरा

दोऱ्याचं एक टोक ती दातात धरायची, दुसरा हात गिऱ्हाईक बाईच्या खांद्यावरून खाली न्यायची आणि जिथं माप संपेल तिथं चिमटीत धरून गाठ मारायची. तोंडातून अक्षर नाही. इंचटेप गळ्यात असायची, पण ती कापडासाठी. माणसाला ती दोऱ्यानंच मापायची.

एकदा आमच्याच घरातल्या तिच्या दुकानात माझ्या बायकोचं माप चाललं होतं. मी आतल्या खोलीतून सवयीनं विचारलं, "किती इंच भरलं?" गाठ मारून झाल्यावर पडद्याआडून आवाज आला, "हळू बोला, भाऊ. बाईचं माप हाय."

मी बाजार समितीत वजनाच्या नोंदी ठेवतो. कापूस असो की सोयाबीन, आकडा मोठ्यानं पुकारला गेला नाही तर आमच्याकडे तो कोणी खरा धरत नाही. तिच्या दुकानात बरोबर उलटं होतं. पुरुष टेलर बायकांची मापं घेताना आकडे ओरडून सांगतात आणि बाकावर बसलेले चार जण ते ऐकतात, याचा तिला संताप होता. म्हणून प्रत्येक बाईचा एक दोरा. त्यावर खांदा, बाही, छाती, कंबर, उंची अशा पाच गाठी, टोकाला नावाची चिंधी. असे दोरे तिच्या भिंतीवर खिळ्यांना लटकत असत.

मंठ्यात आमच्या घराची रस्त्याकडची खोली तिनं नऊ वर्षं भाड्यानं घेतली होती. एकटी राहायची. माहेर जाफराबादकडचं, एवढंच ठाऊक होतं. ड्रेस शिवायची, लांब झगे शिवायची, पण खरं नाव होतं ते तिच्या कोटांचं. लोकरी कापड, आतून जुन्या मऊ साडीचं अस्तर. गावातल्या मारवाडी घरांतल्या बायका थंडीत राजस्थानात लग्नाला निघाल्या की आधी तिच्याकडे यायच्या. गळा कसा, कॉलर कशी, हे ती फरशीवर खडूनं काढायची आणि म्हणायची, "इथं समोर उभ्या राहा. पसंत हाय का बघा, मंग कापड कापते."

जुना दोरा एखादीला पुरेनासा झाला, तर ती काय म्हणायची माहीत आहे? "दोरा आटला हाय, भाभी. पावसाळ्यात आटतो." आणि नवा दोरा घ्यायची. भाभींनाही ते पटायचं. दोरा दर वर्षी आटायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांची पद्धत आपल्याला खुळचट वाटते आणि सुधारायचा मोह होतो. मला तो झाला.

ती पित्ताशयाच्या ऑपरेशनला जालन्याला गेली होती. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. खोलीला चुना द्यायचा म्हणून मी सगळे दोरे उतरवले. मोजले. एकशे त्रेचाळीस भरले. निम्मे धुळीनं काळे, काही उंदरांनी कुरतडलेले. मी नवी वही घेतली, रकाने आखले आणि दोन रविवार बसून प्रत्येक दोऱ्यावरची प्रत्येक गाठ टेपनं मोजून लिहिली.

"अहो, तिला विचारा तरी," बायको म्हणाली.

"त्यात विचारायचं काय? आयती वही मिळेल तिला. खूश होईल."

मोजून झालेले दोरे मी पाणी तापवायच्या बंबात घातले.

त्यात एका दोऱ्याला चिंधी नव्हती. त्यावर पाच गाठी नव्हत्या, एकामागे एक कितीतरी होत्या. पहिली सव्वीस इंचांवर, पुढच्या दर इंच-सव्वा इंचानं, आणि शेवटच्या साडेसदतीसवर चिकटलेल्या. मी तेही आकडे इमानदारीनं लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'नाव नाही. गाठी बारा. बहुतेक चुकून पडलेल्या.'

ती परत आली तेव्हा पोटाला पट्टा होता. उंबऱ्यात उभं राहून तिनं पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. नुसते खिळे. मी वही पुढे केली. तिनं पानं उलटली नाहीत.

"दोरे कुठं हायेत?"

मी सांगितलं.

"बिननावाचा एक होता, भाऊ. कोपऱ्यातल्या खिळ्याला."

"आहे ना. शेवटच्या पानावर," मी म्हणालो. "सगळे आकडे आहेत."

ती मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. रडेल, ओरडेल, असं मला वाटलं. तिनं खणातून दोऱ्याची गुंडी काढली, एक लांब दोरा तोडला, टेप फरशीवर पसरली आणि म्हणाली, "वाचा."

"सव्वीस," मी म्हणालो.

"हळू."

खोलीत आम्ही दोघंच होतो. तरी मी आवाज उतरवला. सव्वीस. सव्वासत्तावीस. साडेअठ्ठावीस. दर आकड्याला ती दोरा टेपवर धरायची, गाठ मारायची, गाठीवर अंगठा दाबायची. साडेसदतीसवर दोन गाठी झाल्या. मी वही मिटली.

"अजून एक."

"वहीत बाराच आहेत."

"तेरा हायेत. आखरीच्या तीन एकाला एक लागून होत्या. तुम्ही दोन धरल्या." तिनं तेरावी गाठ मारली. "पोरीची वाढ थांबली असंल, भाऊ. पण दिवाळी तर दर साली आलीच ना."

तीस वर्षं मी नोंदी ठेवतोय. माझ्या मोजणीत बाईचं एक वर्ष गळालं होतं.

मग तिनं सांगितलं, ते हे. मुलगी सात वर्षांची असताना वडीगोद्रीच्या सासरच्यांनी मुलीला ठेवून घेतलं आणि हिला एकटीलाच घराबाहेर काढलं. त्या सकाळी ती मुलीच्या कोटाच्या उंचीचं माप घेत होती, खांद्यापासून गुडघ्याखालपर्यंत. पहिली गाठ तेवढी खरी. बाकीच्या दर दिवाळीला अंदाजानं मारलेल्या.

"कधी गेला नाहीत?"

"गेल्ते दोनदा. पोरगी घरात न्हाई म्हणले. ओसरीवर तिच्या चपला होत्या. दुसऱ्यांदा गेल्ते तवा चपला माझ्या वितीपेक्षा मोठ्या होत्या. त्या अंदाजानं गाठ पुढं घेतली."

ट्रंकेतून तिनं कापड काढून दाखवलं. डाळिंबी रंगाची जाड लोकर, घडी न मोडलेली.

"शिवून का ठेवत नाही?"

"उंची अंदाजानं धरता येते. छाती न्हाई, खांदा न्हाई. ती उभी राह्यल्याबिगर कात्री लावणार न्हाई मी. बिलकुल न्हाई."

मी वडीगोद्रीला जाऊन यायची तयारी दाखवली. एक गाडी बदलून तीन तासांचा रस्ता. ती नको म्हणाली. "तुम्ही जाऊन काय सांगणार? आकडे?" आणि मला वाईट वाटू नये म्हणून हसली. त्या हिवाळ्यात तिनं गावातल्या एकेका बाईला पुन्हा बोलावलं आणि पुन्हा दोरे केले. सगळ्यांना सांगितलं, जुने उंदरांनी खाल्ले.

पुढच्या दोन दिवाळ्यांना तिनं त्याच जागी आणखी दोन गाठी मारल्या. मग दुखणं उलटलं. भाऊ जीप घेऊन तिला गावी न्यायला आला. निघताना तिनं लोकरीची घडी आणि तो दोरा माझ्या बायकोच्या हातात दिला.

"ती आली तर मापाला उभी करा, वहिनी. माप तुम्ही घ्या. भाऊंना बाहेर थांबवा."

"थांबतो," मी म्हणालो.

"आन् पुकारू नका."

दीड महिन्यानं जाफराबादकडून निरोप आला, ती गेल्याचा.

मी एकदा वडीगोद्रीला जाऊन आलो. मुलीचं लग्न होऊन गेलं होतं. कुठं दिली, ते कोणी सांगितलं नाही. दारातल्या म्हाताऱ्याकडे मी माझा पत्ता लिहून दिला. त्यानं तो न वाचताच खिशात घातला.

खोली आम्ही पुन्हा भाड्यानं दिलेली नाही. दिवाळीआधी मी चुना देतो. कोपऱ्यातला एक खिळा सोडून बाकीचे काढून टाकले आहेत. लोकरीला ऊन दाखवतो. घडी मोडत नाही.

गेल्या दिवाळीला चुना वाळल्यावर मी तो दोरा पुन्हा अडकवायला घेतला. गाठी मोजल्या. पंधरा. नख लावून, एकेक सुटी करून मोजल्या. मुली विशीनंतर वाढत नाहीत, हे मला कळतं. टेप काढायची गरजच नव्हती.

बायकोनं आतून विचारलं, "काय करून राह्यले तिथं इतका वेळ?"

दोऱ्याचं टोक माझ्या दातात होतं. शेवटच्या गाठीला लागून मी सोळावी मारली.